बाजारभावाच्या पानावरचा म्यानमार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या बाजारभावाच्या पानावर मध्यंतरी एक ओळ होती : ‘म्यानमारची आवक वाढल्याने तुरीत नरमाई.’ त्याच अंकात आतल्या एका पानावर, अगदी तळाशी, बोटभर जागेत दुसरी बातमी होती : म्यानमारच्या सागाइंग भागात लष्कराचा हवाई हल्ला, गावकरी ठार. मधल्या पानांत क्रिकेट, राशिभविष्य आणि एका सराफाची पानभर जाहिरात. दोन्ही बातम्या मी कापून एकाखाली एक ठेवल्या आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं म्हणतोय. कारण ती तूर येते कुठून, हे मला माहीत आहे. बरीचशी सागाइंगमधूनच येते.

मी राजकारणाचा अभ्यासक नाही. मूळचा बार्शीचा, वडील तिथल्या बाजारात मापाडी. मी मुंबईला आलो आणि बत्तीस वर्षं कडधान्याचे नमुने तपासायचं काम केलं. पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे ताटलीत घ्यायचे, खडा-माती किती, डागी किती, फुटका किती, ओल किती, याचे टक्के काढायचे आणि कागदावर सही करायची. माल जहाजावर चढण्याआधी तपासायचा म्हणून १९९८ पासून दरवर्षी एक-दोनदा रंगूनला जाणं व्हायचं. शेवटचा गेलो तो जानेवारी २०२०ला. त्यांनी शहराचं नाव यांगॉन करून बरीच वर्षं झाली, पण आमच्या बाजारात अजून रंगूनच चालतं.

व्यापारातली माणसं बर्मा दोन भागांत ओळखतात : उडदाचा आणि तुरीचा. उडीद दक्षिणेकडचा, बागो आणि इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातला. भात कापलं की मागे राहिलेल्या ओलीवर तो घेतात. तूर मधल्या कोरडवाहू पट्ट्यातली, म्हणजे सागाइंग, मागवे आणि मंडालेकडची. मंडाले म्हटलं की आपण टिळकांपाशी थांबतो, पुढे जात नाही. तो पट्टा पाहिलात तर ओळखीचा वाटेल. पाऊस आमच्या बार्शीसारखाच बेभरवशाचा, बांधावर ताडाची झाडं, तीळ, भुईमूग, बैलगाड्या. तिथल्या तुरीचा दाणा बारीक आणि पिवळसर, म्हणून आपल्याकडे तिला ‘लेमन’ म्हणतात. मुंबईतल्या कितीतरी घरांच्या वरणात ती असते. वरण करणाऱ्याला ते ठाऊक असायचं कारण नाही.

तिथला माझा जोडीदार माझ्यासारखाच तपासनीस. नाव लिहीत नाही. तो मला ‘सयाजी’ म्हणायचा. पहिल्यांदा मला वाटलं, हा बडोद्याच्या महाराजांचं नाव घेऊन थट्टा करतोय. मग कळलं की त्यांच्या भाषेत मोठ्या गुरुजींना तसं म्हणतात. त्याचे आजोबा सुरतेकडचे, कापडवाले. आई बमार, म्हणजे तिथल्या बहुसंख्याक वंशाची, सागाइंगमधल्या मोन्यवाच्या पलीकडच्या एका खेड्यातली. बायिन्नाउंगच्या घाऊक बाजाराबाहेर चहाच्या दुकानात आम्ही बसायचो. वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, दुधाचा घट्ट चहा, आणि बशीत ‘सामुसा’. तो त्यांच्याकडेही त्याच नावाने मिळतो.

तिथेच एकदा त्याने खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. गुलाबी रंगाचं, म्हणजे पूर्ण नागरिकाचं. नाव, वडिलांचं नाव, आणि मग एक रकाना : ‘लू-म्यो’. शब्दाचा अर्थ माणसाची जात-वंश. त्यात लिहिलं होतं ‘भारतीय + बमार’. पुढे धर्माचा रकाना. “सयाजी,” तो म्हणाला, “हे अधिक चिन्ह पाहिलंत? ते वजाबाकीचं आहे.” हे कार्ड दाखवलं की बढती थांबते, कचेरीत फाइल मागे राहते, नाक्यावर शिपाई दोनदा वाचतो. नागरिकत्वाचा कायदा १९८२चा आहे. १८२३च्या आधीपासून जे समाज तिथे राहत होते तेच मूळचे, असं तो मानतो, कारण १८२४ला इंग्रजांशी पहिली लढाई झाली. सरकारमान्य वंशांची यादी १३५ची. रोहिंग्या त्यात नाहीत, आणि माझ्या मित्राच्या आजोबांचा समाजही नाही.

आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. भारतीय वंशाच्या माणसाला, त्यातही मुसलमानाला, तिथे ‘कला’ म्हणतात, आणि हल्ली ती शिवीच झाली आहे. हरभऱ्याला म्हणतात ‘कला-पे’, म्हणजे कला लोकांचं कडधान्य. खुर्चीच्या नावातही तोच ‘कला’ आहे. २०१७ मध्ये फेसबुकने द्वेषाची भाषा म्हणून हा शब्द बंद केला, तर हरभऱ्याबद्दल लिहिणाऱ्यांचा मजकूरही उडाला! मित्र हे हसत सांगायचा. बाजाराच्या बोर्डावर रोज खडूने ‘कला-पे’ लिहिलेलं असायचं, समोर उभा राहून तो भाव उतरवून घ्यायचा.

आता जे लिहितो ते लिहायला अवघड जातं. २०१७च्या नोव्हेंबरात मी रंगूनला होतो. ऑगस्टपासून पश्चिमेच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते, गावंच्या गावं जळाल्याचे उपग्रहाचे फोटो सगळ्या जगात फिरत होते. मी विषय काढला. मित्र म्हणाला, “ते आमचे नाहीत. बंगाली आहेत. घरं त्यांनीच पेटवली, आमच्या सरकारने सांगितलंय.” ज्याच्या कार्डावर ‘भारतीय + बमार’ होतं, तोच हे बोलत होता. आणि मी काय केलं? मान डोलावली. “आमच्याकडेही असंच आहे,” असं काहीतरी पुटपुटलो आणि दुसरा चहा सांगितला. त्या दिवशी ९०० टनांचा माल पास करायचा होता.

त्या देशाचं थोडं मागचं सांगतो, कारण आपल्या बातम्यांत ‘वांशिक बंडखोर’ या दोन शब्दांत सगळं आटोपतं. १२ फेब्रुवारी १९४७ला पांगलाँग गावी स्वातंत्र्यलढ्याचे नेते ऑंग सान यांनी शान, काचिन आणि चिन या डोंगराळ मुलखातल्या समाजांच्या प्रमुखांशी करार केला : स्वातंत्र्य एकत्र मिळवू, तुमच्या मुलखाचा कारभार तुमच्याकडे. पाच महिन्यांनी, १९ जुलैला, त्यांचा खून झाला. स्वातंत्र्यानंतर साधारण वर्षभराने करेन लोकांचं बंड उठलं. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, संघराज्य गुंडाळलं आणि सांगितलं, लष्कर नसेल तर देशाचे तुकडे होतील. तेव्हापासून लष्कराचं दुकान याच एका वाक्यावर चालतं. दुकानं म्हणाल तर भारतीयांची खरोखरच गेली : साठच्या दशकात सरकारजमा झाली आणि लाखो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. मित्राचे आजोबा मागे राहिले ते केवळ बायकोसाठी.

करेनांविरुद्ध लष्कराने जी पद्धत बसवली तिला ‘चार काट’ म्हणतात : अन्न तोडा, पैसा तोडा, खबर तोडा, नवी माणसं मिळणं तोडा. व्यवहारात त्याचा अर्थ खेडं उठवणं, कोठार जाळणं, न उठणाऱ्याला गोळी. साठ-सत्तरच्या दशकात ती आधी चालली इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात आणि पेगूच्या, म्हणजे आताच्या बागोच्या, डोंगरात. तो पट्टा मी तीस वर्षं ‘चांगल्या उडदाचा’ म्हणून ओळखत होतो. मग तीच पद्धत काचिन, शान आणि पूर्वेच्या डोंगरांत फिरली, आणि २०१७ला राखाइनमध्ये. मधल्या कोरडवाहू पट्ट्यातल्या बमार बौद्ध शेतकऱ्याला ती दिसत नव्हती. त्याचीच पोरं लष्करात होती. टीव्हीवर सांगत ते तो खरं मानायचा.

१ फेब्रुवारी २०२१ला जनरल मिन ऑंग हलाइंग यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. रस्त्यावर आलेल्या पोरांवर गोळ्या चालल्या, तेव्हा तुरीच्या पट्ट्यातल्या खेड्यांनी हत्यार उचललं. आधी शिकारीच्या ठासणीच्या बंदुका, मग जे मिळेल ते. चार काट आता बमार गावांवर आली. ११ एप्रिल २०२३ला सागाइंगमधल्या कानबालू तालुक्यातल्या पाझीजी गावावर विमानांनी बॉम्ब टाकले, दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत मुलंही होती. मार्च २०२५ मध्ये त्याच मुलखात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. ढिगाऱ्याखालची माणसं निघायची होती तरी विमानं थांबली नाहीत. आज त्या देशात पस्तीस लाखांवर माणसं घर सोडून इकडेतिकडे आहेत.

मित्राचं आजोळ जळलं ते २०२२च्या फेब्रुवारीत. तूर काढून झाली होती, पोती घराघरात लागली होती. सैनिकांची तुकडी येतेय म्हटल्यावर गाव बैलगाड्या जुंपून ताडांच्या रानात गेलं. परत आलं तेव्हा घरांचे नुसते खांब उभे होते. इंटरनेट बंद असल्यामुळे फोटो त्याच्याकडे पोचायला आठवडा गेला, त्याच्याकडून माझ्याकडे आला तो रात्री साडेअकराला. फोटोत माणूस नव्हता, तुरीचा ढीग होता. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. वरचा थर कोळसा. त्याखाली दाणे भाजून फुटलेले, साल सुटून आतली पिवळी डाळ दिसत होती. कडेला पोत्याचं प्लास्टिक वितळून दाण्यांवर पापुद्र्यासारखं बसलेलं. आणि सवयीने माझ्या मनात आकडे आले : डागी शंभर टक्के, माल नापास. स्वतःचीच लाज वाटली.

लष्कराच्या वाहिनीने सांगितलं, गाव दहशतवाद्यांनीच पेटवलं. २०१७चंच वाक्य, फक्त नाव बदललेलं. तीन दिवसांनी मित्राचा एका ओळीचा निरोप आला : “सयाजी, त्यांचीही अशीच जाळली असतील.” ‘त्यांची’ म्हणजे कोणाची हे त्याने लिहिलं नाही. मी विचारलंही नाही. सत्तापालटानंतर तिथल्या असंख्य बमार तरुणांनी समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची उघड माफी मागितली होती. माझा मित्र साठीचा माणूस, त्याच्याकडून ती एवढ्याच शब्दांत निघाली.

आता आपल्या पानावरच्या त्या ओळीकडे येतो. सत्तापालटानंतर पाच महिन्यांच्या आत, जून २०२१ मध्ये, भारत सरकारने म्यानमारशी करार केला : दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं, खासगी व्यापारामार्फत. तेव्हा आपल्या दैनिकात ही बातमी ‘डाळींच्या महागाईला लगाम’ अशा थाटात आली होती. सही समोरून कोणाची, हे बातमीत नव्हतं.

डाळीचे डॉलर लष्कराला कसे मिळतात तेही लिहितो, कारण हे बाजारातल्या माणसालाच कळतं. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने हुकूम काढला, की परकी चलनाची कमाई सरकारी दराने त्यांच्या चलनात, क्याटमध्ये, बदलून द्यायची. सरकारी दर डॉलरला १८५०, पुढे २१००. बाहेर बाजारात तो तीन हजारांच्या वर जायला वेळ लागला नाही. मधला फरक कोणाच्या खिशात गेला? निर्यातदार तो शेतकऱ्याच्या भावातून कापतो, शेतकऱ्याला कापायला खाली कोणी नसतो. नंतर सक्तीचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केलं, पण युक्ती जुनीच. मी १९९८ला पहिल्यांदा गेलो तेव्हा सरकारी दर सहा क्याट होता आणि हॉटेलच्या दारातला पोरगा तीनशेच्या आसपास द्यायला तयार होता. लष्कराला त्या डॉलरनी विमानाचं इंधन घेता येतं. हत्यारांचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींचा मे २०२३चा अहवाल आहे. सत्तापालटानंतर भारतातूनही ५.१ कोटी डॉलरची शस्त्रं आणि तत्सम सामग्री गेल्याचं त्यात नोंदवलं आहे, सरकारी कंपन्यांसकट. रशिया, चीन, सिंगापूर यांचे आकडे याहून खूप मोठे आहेत, हेही खरं.

मग ती तूर घेऊच नये का? माझी मुलगी हेच म्हणते. मी तिच्याशी भांडलो. तूर घेणं थांबलं तर पहिला मरेल तो सागाइंगमधल्या चिंदविन नदीकाठचा शेतकरी. त्याच्या मालाला भारताशिवाय मोठं गिऱ्हाईक नाही, बर्मी माणूस तूर फारशी खात नाही. दुसरीकडे आपला लातूर-बार्शीचा शेतकरी. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला आठ हजार रुपये, आणि आयात आली की बाजार त्याच्या खाली बसतो. त्याने बर्म्याच्या नावाने बोटं मोडली तर मी त्याला दोष देणार नाही. पण तिकडचा शेतकरी स्वस्तात विकतो तो काही मजेत नाही. नाक्यानाक्यावर लष्कराला पैसे, पुढच्या नाक्यावर बंडवाल्यांना पैसे, घरातल्या पोराला सक्तीच्या भरतीत नेऊ नये म्हणून आणखी पैसे. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू केला. मुलगी म्हणाली, “बाबा, मग तुमचं म्हणणं काय आहे नेमकं?” तेव्हा मला सांगता आलं नाही.

आता सांगतो. कराराच्या पुढच्या वाटाघाटींत भारत हा मोठा गिऱ्हाईक आहे, आणि मोठ्या गिऱ्हाइकाला अटी घालता येतात. दाण्यात ओल किती चालेल याची अट आपण घालतोच. मग शेतकऱ्याच्या हातात पैसे कोणत्या दराने पडतील, ही अट का घालता येऊ नये? हत्यारं विकू नयेत याला तर वाटाघाटीचीही गरज नाही. आणि मिझोरमने म्यानमारमधून आलेल्या तीस हजारांवर चिन समाजाच्या निर्वासितांना घरात घेतलं, केंद्राने मार्च २०२१ मध्ये ‘अडवा’ म्हटलेलं असताना घेतलं. आपल्या दैनिकात मात्र सीमेपलीकडून येणारा प्रत्येक माणूस ‘घुसखोर’ असतो. तूर येते ती ‘आवक’ आणि तुरीचा शेतकरी आला तर ‘घुसखोरी’. हा शब्द तरी आपल्या हातात आहे, संपादक महोदय.

लष्कराने डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक घ्यायला सुरुवात केली. आधीची निवडणूक जिंकलेला पक्ष त्यांनी २०२३ मध्येच विसर्जित करून टाकला होता. तेव्हा ‘लोकशाहीकडे वाटचाल’ असा मथळा पुन्हा कधी द्यायचा झाला, तर त्याआधी एखादा वार्ताहर ऐझॉलला पाठवा. तेही जमत नसेल तर तुर्भ्याला पाठवा, धान्यबाजारात. बर्म्याच्या मालाच्या पावत्या, जहाजांचे कागद आणि माझ्यासारखे चार म्हातारे तिथे भेटतील. चहा माझ्याकडून.

दोन्ही कात्रणं सोबत जोडली आहेत. माझं नाव आणि पत्ता आपल्या नोंदीसाठी वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे, कृपया छापू नये. मला कसली भीती नाही. पण माझ्या नावावरून त्याचं नाव काढायला आमच्या बाजारातल्या कुणालाही दोन फोन पुरतील, आणि तो अजून तिथेच आहे. यंदाही त्याचा निरोप आला : दाणा भरला आहे, ओल कमी आहे, ट्रक मोन्यवाहून कधी निघेल सांगता येत नाही.

आपला,
एक निवृत्त नमुना-तपासनीस
वाशी, नवी मुंबई